थायरॉइडच्या गाठीभोवतीची गर्दी

रात्री साडेअकराला आतेबहिणीचा मेसेज आला. एक पीडीएफ आणि त्याखाली दोनच ओळी : "ताई, यात लिहिलंय की जनुकांवरून कळतं कोण वाचणार ते. मग माझी ही टेस्ट का नाही केली?"

तिचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. वय ३९, थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग, पावणेदोन सेंटिमीटरची गाठ. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आणलेला ब्लॉक-स्लाइडचा लिफाफा अजून तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होता. ब्लॉक म्हणजे मेणाची काडेपेटीहून लहान वडी, तिच्या पोटात गाठीचा तुकडा. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय त्यांना तो लिफाफा ठाऊक असतो. एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाताना फाइल एक वेळ विसरली तरी चालते, लिफाफा विसरून चालत नाही.

माझं पोट संख्याशास्त्रावर चालतं, त्यामुळे असले पेपर घरच्यांकडून माझ्याकडेच येतात. हा त्याच साच्यातला होता : रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकं निवडायची, त्यांचा एक गुण काढायचा आणि थायरॉइडच्या रुग्णांचं पुढे काय होणार हे त्या गुणावरून सांगायचं. कुणाची यादी सात जनुकांची, कुणाची अकरा. तिला सकाळी फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

आधी या आजाराचा स्वभाव. थायरॉइडचा कर्करोग म्हटलं तरी आत चार वेगळी माणसं राहतात. पॅपिलरी सर्वांत जास्त, दहातले आठ रुग्ण त्याचेच. फॉलिक्युलर त्याच्या खालोखाल. मेड्युलरी थायरॉइडमधल्याच, पण वेगळ्या पेशींतून उगवतो. आणि ॲनाप्लास्टिक, शंभरात जेमतेम एक-दोन, पण झाला तर पुढचं आयुष्य बहुतेक वेळा महिन्यांत मोजायचं. पॅपिलरीचे रुग्ण मात्र बहुतांशी म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात.

हे किती खरं आहे ते दक्षिण कोरियात दिसलं. तिथे १९९९ पासून इतर कर्करोगांसाठी सरकारी तपासण्या सुरू झाल्या आणि दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठी अशा होत्या, की सापडल्या नसत्या तरी काही बिघडलं नसतं. जपानात कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ मध्येच एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी न कापता नुसतं लक्ष ठेवायला सुरुवात केली होती. दहा वर्षांत ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढल्या त्या फक्त ८ टक्के, मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरल्या त्या ४ टक्क्यांहून कमी. २०१६ मध्ये तर तज्ज्ञांनी एका उपप्रकाराच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकला. रोगाचं बारसं पुन्हा करून रुग्णाचा घोर कमी करायचा, ही वैद्यकातली दुर्मिळ गोष्ट.

पण थोडे जण असतातच ज्यांची गाठ शांत बसत नाही. ती फुप्फुसात जाते, हाडात जाते, रेडिओआयोडीनला, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराला, दाद देत नाही. हे थोडे जण आधी ओळखता आले तर त्यांच्यावर वेळेत लक्ष ठेवता येईल आणि बाकीच्यांची सुरी टळेल. जनुकांच्या गुणाचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. हेतू चांगलाच आहे.

आता त्यात रोगप्रतिकारशक्ती कुठून आली? त्यासाठी काचेची स्लाइड बघावी. एकदा एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून दाखवली होती. गुलाबी-जांभळं रांगोळीसारखं काहीतरी. पॅपिलरीच्या पेशी ओळखायच्या त्यांच्या केंद्रकांवरून : फिकट, आतून पोकळ वाटणारी, एकमेकांवर चढलेली. पण माझी नजर गेली ती कडेला सांडलेल्या निळ्या-काळ्या ठिपक्यांवर. डब्यातून मोहरी सांडावी तसे ढीगच्या ढीग. "या लिम्फोसाइट, रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी," ती म्हणाली. "या इथे कशाला जमल्यात, हा खरा प्रश्न."

थायरॉइडमध्ये अशी गर्दी नवी नाही. हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या गाठींचं वर्णन केलं होतं. त्यांत याच पेशी खच्चून भरल्या होत्या. आज ज्यांच्या उशाशी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी असते, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना हाशिमोतोचाच विकार असतो : शरीराचं संरक्षणदळ स्वतःच्याच थायरॉइडवर उलटतं. पॅपिलरी गाठीसोबत हाशिमोतो असेल तर गाठ लहान असते, लसिकाग्रंथींत कमी पसरते, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. ही गर्दी गाठीला आवर घालते, की या बायका आधीपासूनच तपासणीला येत असतात म्हणून गाठ लवकर सापडते? यावर अजून वाद आहे.

शिवाय गर्दी म्हणजे एका जातीची माणसं नव्हेत. विसर्जनाच्या मिरवणुकीत जसे बंदोबस्तावरचे पोलीस, स्वयंसेवक, बघे आणि खिसेकापू एकत्र असतात, तसंच इथेही. सीडी८ नावाच्या पेशी बिघडलेल्या पेशींना मारतात. नियामक टी-पेशी उलट त्यांना आवरतात, नाहीतर रोज हाशिमोतो झाला असता. याच आवरणाऱ्या पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मॅक्रोफेज हे एरवी सफाई कामगार, पण गाठीच्या शेजारात राहून त्यांतले काही गाठीचीच धुणीभांडी करायला लागतात. आणि कर्कपेशी स्वतः पीडी-एल१ नावाचं प्रथिन अंगावर चढवून मारायला आलेल्या पेशीचा ब्रेक दाबू शकते. हा ब्रेक आणि त्याचा भाऊ सीटीएलए-४ यांच्यावरच्या कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तेव्हा गाठीचं पुढे काय होणार ते गाठीइतकंच या शेजारावरही अवलंबून असणार, हा तर्क पक्का आहे.

इथे बहिणीने मला अडवलं. "जनुकं म्हणजे मग माझ्या मुलीलाही होणार का?"

हा गोंधळ जवळजवळ सगळ्यांचा होतो. जनुकाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. एक, जनुकाचं स्पेलिंग बरोबर आहे का. दुसरा, ते जनुक किती मोठ्या आवाजात बोलतंय. पेपरमधल्या गुणाला फक्त दुसऱ्याशी कर्तव्य आहे. पेशीतलं एखादं जनुक कामाला लागलं की त्याच्या आरएनए नावाच्या नकला निघतात. त्या मोजल्या की आवाज कळतो. हा आवाज गाठीतला, त्या दिवसाचा. तो मुलीत उतरत नाही. स्पेलिंगच्या चुकाही बहुतेक गाठीतच घडलेल्या असतात. ठळक अपवाद मेड्युलरीचा : त्यातल्या सुमारे चौथाई रुग्णांत आरईटी जनुकातली चूक घराण्यातून आलेली असते, आणि तिथे मुलांची तपासणी करतात. हिचा पॅपिलरी, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. फोनवर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटतं, पीडीएफपेक्षा हाच प्रश्न तिला रात्री छळत असावा.

आता गुण कसा बनतो ते. अमेरिकेच्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या मोठ्या सरकारी प्रकल्पाने २०१४ मध्ये जवळपास पाचशे पॅपिलरी गाठींची जनुकीय कुंडली मांडली आणि माहिती सगळ्यांसाठी खुली केली. बीआरएएफ जनुकातली व्ही६००ई ही एकच चूक निम्म्याहून जास्त गाठींत असते, हे त्यात स्पष्ट दिसलं. प्रत्येक गाठीतल्या सुमारे वीस हजार जनुकांचे आवाज त्यात नोंदलेले आहेत आणि रुग्णाचं पुढे काय झालं तेही. थायरॉइडवरचे या धर्तीचे ढीगभर पेपर याच एका साठ्यावर पोसलेले आहेत. आपल्या लॅबमध्ये एक थेंब रसायन न सांडता, संगणकापुढे बसून करता येणारं काम आहे हे. हेटाळणी म्हणून म्हणत नाही. माझंही काम तेच.

पायऱ्या साधारण अशा. वीस हजारांतून रोगप्रतिकारशक्तीशी संबंध असलेली जनुकं वेगळी काढायची. त्यांची तयार यादी मिळते, दोन हजारांच्या आसपास. त्यातलं कोणतं जनुक वाईट परिणामासोबत वर-खाली होतं ते संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांच्या १९७२ च्या पद्धतीने बघायचं. मग उरलेल्यांत छाटणी. त्यासाठी ‘लासो’ नावाची पद्धत आहे, १९९६ सालची : जे जनुक स्वतःचं वेगळं काही सांगत नाही त्याचं वजन ती शून्यावर आणते. शेवटी हाताशी पाच-दहा जनुकं आणि प्रत्येकाचं एक वजन राहतं.

समजा तीनच जनुकं उरली. पहिल्याचं वजन अधिक ०.४, दुसऱ्याचं उणे ०.३, तिसऱ्याचं अधिक ०.२. एका बाईंच्या गाठीत त्यांचे आवाज अनुक्रमे ५, २ आणि ३ आहेत. गुणाकार करून बेरीज केली तर २ + (−०.६) + ०.६, म्हणजे २. दुसरीच्या गाठीत २, ६ आणि ३ आहेत, तर तिचा गुण उणे ०.४. सगळ्या रुग्णांचे गुण उतरत्या क्रमाने लावायचे, मधोमध रेघ मारायची, वरच्या अर्ध्यांना ‘उच्च जोखीम’ म्हणायचं आणि खालच्यांना ‘कमी जोखीम’. एवढंच. किराण्याच्या बिलापेक्षा यात जास्त काही नाही, फक्त भाव ठरवायला संगणक लागतो.

यातलं मला मनापासून आवडणारं काम वेगळंच आहे. गाठीचा तुकडा घोटून त्याचा आरएनए काढला की कर्कपेशी, लिम्फोसाइट, मॅक्रोफेज सगळ्यांचा रस एक होतो. कोणता आवाज कुणाचा ते कळत नाही. आमची आजी दुसरीकडचा गोडा मसाला चिमूटभर तळहातावर घेऊन, हुंगून सांगायची : यात दगडफूल कमी पडलंय, खोबरं जास्त भाजलंय. मसाला कुटलेला, पण प्रत्येक जिन्नसाचा वास तिच्या नाकात पक्का बसलेला. २०१५ मध्ये आलेली ‘सायबरसॉर्ट’ ही संगणकीय पद्धत अगदी हेच करते. रोगप्रतिकारक पेशींच्या २२ प्रकारांचा ‘वास’ तिला आधीच शिकवलेला असतो, त्यावरून ती घोटलेल्या मिश्रणातलं प्रत्येकीचं प्रमाण सांगते. हल्ली एकेक पेशी वेगळी करून तिचा आवाज ऐकण्याचं तंत्रही आलंय, म्हणजे कुटण्याआधीच जिन्नस मोजायचे. ते महाग आहे.

मग अडतं कुठे?

अडतं ते मोजणीत. त्या पाचशे रुग्णांत पाठपुराव्याच्या काळात दगावलेले किती? वीससुद्धा नाहीत. आता शाळेतली पाचशे मुलं घ्या, ज्यांतली सोळा-सतरा नापास झालीत. प्रत्येक मुलाबद्दल तुमच्याकडे दोन हजार गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत : बुटाचा नंबर, डब्यातली भाजी, घराचा मजला, आईचं माहेर. नापास मुलांत जुळणारं काहीतरी सापडणारच. वांग्याची भाजी, तिसरा मजला आणि पाच नंबरचा बूट यांचं सूत्र बनवलं तर ते त्या शाळेत सुरेख चालेल. शेजारच्या शाळेत नेलं की पाय घसरेल. हे टाळायला पेपरवाले त्याच पाचशेंचे दोन भाग करून एकावर सूत्र बनवतात, दुसऱ्यावर तपासतात. पण मग दुसऱ्या भागात नापास मुलं उरतात सात-आठ. आणि शाळा तीच.

मधोमध मारलेली रेघ मला त्याहून खटकते. पाचशेचे अर्धे अडीचशे, ते ‘उच्च जोखीम’. धरून चालू की सूत्र अचूक आहे आणि दगावलेले सगळेच्या सगळे याच अडीचशेत आले. तरी त्यातले २३० हून अधिक जण जिवंत आहेत. म्हणजे ‘उच्च जोखीम’ असा शिक्का बसलेल्या बाईचं पुढे बरं चालण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. पेपरातल्या आलेखात लाल आणि निळी रेघ एकमेकींपासून दूर जाताना दिसतात खऱ्या, पण उभा अक्ष नीट बघितला तर लाल रेघही बरीच वरून चाललेली असते. बहिणीला मी तोच आलेख मोठा करून बघायला सांगितला.

आणि वय. थायरॉइड हा असा विचित्र कर्करोग आहे, की त्याची स्टेज ठरवताना रुग्णाचं वयही धरतात. २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत ही सीमा ४५ वरून ५५ वर नेली. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर असलेल्या पंचावन्नच्या आतल्या रुग्णाचा रोग फुप्फुसात पसरला तरी स्टेज दोनच्या पुढे जात नाही. दगावतात ते मुख्यतः वयस्कर रुग्ण, काही तर हृदयविकाराने किंवा आणखी कशाने, आणि साध्या ‘मृत्यू’च्या रकान्यात तेही मोजले जातात. रोगप्रतिकारक जनुकांचा आवाज वयानुसार बदलतोच. मग सात जनुकांचं सूत्र कर्करोग मोजतंय की आधार कार्डावरची जन्मतारीख? चांगले पेपर वय वेगळं काढून पुन्हा हिशेब करतात, पण वीसच्या आत मृत्यू असताना तो हिशेबही लंगडतो.

या जातीच्या सूत्रांची सर्वांत मजेदार फजिती ब्रसेल्सच्या संशोधकांनी २०११ मध्ये केली. स्तनाच्या कर्करोगाचं भवितव्य सांगायला त्यांनी मुद्दाम असंबद्ध जनुकसंच घेतले. त्यातला एक संच जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत होणाऱ्या बदलांचा होता. तोही भवितव्याशी ‘लक्षणीय’ रीतीने जोडलेला निघाला! कारण तिथे पेशींच्या विभाजनाचा वेग इतक्या जनुकांच्या आवाजात मिसळलेला असतो, की आंधळ्याने मूठभर उचलली तरी त्यात तो सापडतो. तेव्हा एखादं सूत्र लागू पडलं म्हणजे त्यातल्या जनुकांनीच काही केलं असं धरू नये.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग हे सोडूनच द्यावं. मला तसं वाटत नाही. माझी तक्रार एवढीच, की बहुतेक जण सोपी माहिती मिळते तिथे खणतात आणि गरज दुसरीकडे असते. ती ॲनाप्लास्टिकमध्ये आहे. तिथे गर्दीचं रूपच पालटलेलं असतं. काही गाठींत निम्म्याच्या आसपास पेशी मॅक्रोफेज असतात, कर्कपेशींच्या मधून जाळं विणून बसलेल्या. त्या गर्दीतला एकच आवाज, पीडी-एल१, उपचारात कसा बोलतो ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. ब्रेक सोडवणारं स्पार्टालिझुमॅब हे औषध ४२ रुग्णांना दिलं. १९ टक्क्यांत गाठ आकसली. पण ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ होतं त्यांच्यात हे प्रमाण २९ टक्के निघालं, आणि ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यात शून्य. रुग्ण थोडे आहेत, पण याला मी उपयोगी खूण म्हणेन : डॉक्टरने पुढे काय करायचं ते तिच्यावरून बदलू शकतं. ॲनाप्लास्टिकमध्येच बीआरएएफची ती चूक सापडली तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडगोळी देतात. अमेरिकेत तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

आतड्याच्या कर्करोगात तर गर्दी मोजणं केव्हाच पुढे गेलंय. पॅरिसच्या जेरोम गॅलों यांनी गाठीच्या मध्यात आणि कडेला लढाऊ टी-पेशी किती, हे स्लाइडवर मोजून ‘इम्युनोस्कोअर’ बनवला आणि तो अनेक देशांतल्या हजारो रुग्णांवर तपासून २०१८ मध्ये मांडला. आधी मोजायचं काय ते ठरवलं, मग देशोदेशी तेच मोजलं. थायरॉइडला असं काम मागायला हवं.

तोवर पॅपिलरीच्या रुग्णाचं भवितव्य जुन्याच गोष्टींवरून सांगतात आणि ते बऱ्यापैकी जमतं : वय, गाठ थायरॉइडच्या बाहेर घुसली का, रोग पसरलेल्या लसिकाग्रंथी किती आणि केवढ्या, पेशींचा उपप्रकार, शस्त्रक्रियेत सगळं निघालं का. जनुकांत विचारायचंच तर बीआरएएफमधली चूक आणि टीईआरटी नावाच्या जनुकाच्या प्रवर्तक (जनुक चालू करणाऱ्या) भागातली चूक या दोन एकत्र आहेत का, हा प्रश्न जास्त कामाचा. दोन्ही असतील तर रोग आडमुठा निघण्याचा धोका वाढतो. पूर्ण थायरॉइड काढल्यावर रक्तातलं थायरोग्लोब्युलिन बघत राहायचं. ते फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, त्यामुळे ते पुन्हा वर चढू लागलं तर कुठेतरी काही शिल्लक आहे असं समजायचं.

"पण माझा गुण काढता तर येईल ना? ब्लॉक आहे की घरात," बहीण म्हणाली.

काढता येईल, पण त्याचा अर्थ लागणार नाही. मेणातल्या तुकड्यात आरएनएचे बारीक तुकडे झालेले असतात. शिवाय यंत्र बदललं, रसायन बदललं, की आवाजाचे आकडे बदलतात. ती मधोमधची रेघ त्या पाचशे गाठींच्या रांगेतली होती. एकटीच गाठ घेऊन गेलं तर रेघ कुठे मारायची? परातीतल्या लाडवांत हा मोठा की लहान सांगता येतं. एकच लाडू हातात देऊन विचारलं तर काय सांगणार?

मग मी तिला हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढून शेवटून चौथी ओळ वाचायला सांगितली. उरलेल्या थायरॉइडमध्ये लिम्फोसाइटिक थायरॉइडायटिस, असं तिथे छापलं होतं. दीड महिना तिने ती ओळ वाचलीच नव्हती. सगळ्यांसारखी ती ‘कार्सिनोमा’ या शब्दाशीच थांबली होती.

"म्हणजे ते मोहरीचे दाणे माझ्यातही होते?"

"होते. बरेच होते."

"बघायला मिळतील?"

पुढच्या शनिवारी मैत्रिणीकडे जायचं ठरलंय. लिफाफा घेऊन.